बदलीचा फॉर्म आणि माझा वजा एक

मी पोटासाठी काय करतो हे केनवडात प्रत्येक जण वेगळं सांगतो. चहाच्या टपरीवर म्हणतात, घरबसल्या कॉम्प्युटरवर काहीतरी शोधत असतो. शेजारची काकू म्हणते, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय, दहा वर्षं झाली, अजून सापडत नाही. आमचे बाबा म्हणतात, "काही नाई, बसून राह्यते." बायको मात्र काहीच म्हणत नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, आणि पुराव्याशिवाय शेरा मारायचा नाही ही तिच्या धंद्याची शिस्त.

खरं विचाराल तर काकूच सगळ्यात जवळ पोचली आहे. मी एक्सपाथ लिहितो. वेबसाइटचं पान तुम्हाला वरून सपाट दिसतं, पण आतून ते भलंमोठं एकत्र कुटुंब असतं. बटणाचा बाप एक चौकट, चौकटीचा बाप दुसरी चौकट, असं करत करत थेट मूळपुरुषापर्यंत. यंत्राला "ते हिरवं बटण दाब" म्हणून चालत नाही. त्याला पत्ता लिहून द्यावा लागतो: मूळपुरुषापासून नीघ, त्याच्या तिसऱ्या लेकाकडे जा, तिथून दुसऱ्या नातवाकडे, तिथं एक तक्ता दिसेल, त्याची पाचवी ओळ धर, ओळीच्या शेवटच्या घरात बटण आहे. तिरप्या रेघा आणि चौकोनी कंस घालून लिहिलेला हा पत्ता म्हणजे एक्सपाथ. माझी कंपनी पुण्यात पानं बनवते, ती पानं नीट चालतात का हे एक यंत्र तपासतं, आणि त्या यंत्राला पत्ते पुरवायला मी केनवडात बसतो.

या कामात माझा हात धरणारा मालेगावपासून मेहकरपर्यंत कोणी नाही. (त्या पट्ट्यात हे काम करणारा दुसरा कोणी नाही, ही गोष्ट वेगळी.) एकदा मी इतका लांब एक्सपाथ लिहिला होता की यंत्र सकाळी पहिल्या रेघेवरून निघालं, दुपारी मधल्या कंसात थांबून जेवलं, आणि बटणापाशी पोचलं तेव्हा ते बटण बनवणारा माणूस नोकरी सोडून गेला होता. यात थोडी भर असेल. माणूस नोकरी सोडून गेला होता, एवढं मात्र शपथेवर खरं.

तर अशा या माझ्या विद्येनं मी माझ्याच बायकोला जिल्ह्याच्या पार टोकाला ढकलायला निघालो होतो. आता सगळं निस्तरलंय, म्हणून इतक्या मोकळेपणानं सांगतोय. नसतं निस्तरलं, तर हे कागदावर आलं नसतं. मीही लोकांसमोर आलो नसतो.

बायकोची शाळा होती धनजकडे. नकाशा काढून पाहा: केनवड जिल्ह्याच्या एका काठावर, धनज दुसऱ्या. मध्ये मालेगाव, शेलूबाजार, कारंजा. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं ती सोमवारी अंधारात निघायची, आठवडाभर कारंज्यातल्या एका खोलीत राहायची, आणि शनिवारी सकाळची शाळा आटोपून संध्याकाळपर्यंत घरी यायची. शेलूबाजारला गाडी बदलायची. तिथल्या जीपमध्ये पंचवीस माणसं बसतात असं लोक म्हणतात. ते साफ खोटं आहे. बसतात चौदा, बाकीची अकरा लटकतात, आणि ड्रायव्हर स्वतः दाराबाहेर एक पाय ठेवून, पाहुण्यासारखा, जागा मिळेल तशी गाडी चालवतो. अशा प्रवासानंतर घरी पोचलेल्या बाईशी नवऱ्यानं पहिला तासभर बोलू नये, हे मी पहिल्याच महिन्यात शिकलो. म्हणजे आठवड्याचा आमचा संसार शनिवारच्या संध्याकाळी आठला सुरू व्हायचा आणि रविवारी भांडी घासून झाली की संपायचा.

यंदा बदल्या होत्या. बदलीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. जिल्ह्यातल्या रिकाम्या जागांची यादी एका पानावर लावलेली, त्यातून तीस शाळा आपल्या आवडीच्या क्रमानं निवडायच्या आणि शेवटी 'अंतिम सादर' दाबायचं. एकदा दाबलं की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. हा डाव हुकला तर पुढचा केव्हा, हे कोणी सांगेना.

तिनं महिनाभर अभ्यास करून तीस शाळा काढल्या होत्या. केनवडच्या जवळची पहिली, मग थोडी लांब, मग आणखी लांब. यादीचा छापील गठ्ठा आणून त्यावर लाल पेनानं खुणा केल्या होत्या आणि प्रत्येक खुणेपुढं आवडीचा क्रम लिहिला होता. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. शनिवारी आल्या आल्या तिनं हातानं भरायला घेतलं. ते पान पंधरा मिनिटांनी आपोआप बाहेर काढायचं. पहिल्यांदा सतराव्या शाळेवर बाहेर, दुसऱ्यांदा एकविसाव्या.

"हे माह्याच्यानं होत नाई," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

या वेळेची मी चार वर्षं वाट पाहत होतो. "तू आता फक्त चहा घे," मी म्हणालो. "एक्सपाथ लिहितो. यंत्र तीसच्या तीस शाळा पाच सेकंदांत निवडीन. तुले वाचायलेही वेळ मिळणार नाई."

"मले वाचायलेच पाह्यजे," ती म्हणाली. मी न ऐकल्यासारखं केलं.

रविवारी जेवणं झाल्यावर बसलो. यादीतल्या प्रत्येक ओळीत शाळेचा अकरा आकडी कोड, गावाचं नाव आणि 'निवडा' बटण. छापील यादीत त्याच ओळी, त्याच क्रमानं. मला फक्त कळायला हवं होतं की खूण केलेली शाळा कितव्या ओळीत आहे. ओळींना नंबर नव्हते. यादी इतकी लांब की अंगणात पसरली असती तर दुसरं टोक शेजाऱ्याच्या गोठ्यात गेलं असतं आणि म्हशीनं आमचा अख्खा रिसोड तालुका खाल्ला असता. म्हटलं, मोजायला माणूस हवा. बाबा मळ्यातून कोथिंबिरीच्या जुड्या बांधून नुकतेच आले होते. विहिरीवर आमचा भाजीचा मळा आहे. चाळीस वर्षं जुड्या मोजण्यात गेलेली त्यांची बोटं.

"बाबा, या ओळी मोजा. लाल खूण आली का आकडा सांगा."

"सूनबाईचं काम हाय ना? मंग मोजतो," बाबा म्हणाले. चष्मा लावला, बोट पहिल्या ओळीवर टेकवलं आणि सुरू झाले, "लाभ... दोन... तीन... चार..."

आता इथं माझ्या आजाराबद्दल सांगितलं पाहिजे. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो ती शून्यापासून मोजते. पहिली वस्तू म्हणजे शून्यावी. एक्सपाथ मात्र शहाण्या माणसासारखा एकापासून मोजतो. या एका एकच्या फरकानं महिन्याभरापूर्वी माझी कंपनीत चांगलीच शोभा झाली होती: यंत्र आठवडाभर शेजारचंच बटण दाबत होतं आणि मी पान बनवणाऱ्यांना शिव्या देत होतो. तेव्हापासून मोजणी कानावर पडली की माझं डोकं आधी विचारायचं, सुरुवात कुठून केली?

आणि बाबांनी 'एक' म्हटलंच नव्हतं. लाभ, मग थेट दोन! मला वाटलं, लाभ म्हणजे देवाचं नाव. कागदाच्या डोक्यावर आपण श्री लिहितो तसं. मोजणी त्यानंतरची. म्हणजे बाबांनी एक गिळला आणि दोनपासून धरलं. म्हणजे बाबांचा प्रत्येक आकडा एकानं फुगलेला. जन्मभर घरात लाभ ऐकत आलेला माणूस असा विचार कसा करू शकतो, असं तुम्ही विचाराल. दहा वर्षं शून्यापासून मोजून पाहा, मग विचारा.

मी बाबांना काही बोललो नाही. म्हातारा माणूस, कशाला दुखवायचं. त्यांनी सांगितलेला प्रत्येक आकडा मुकाट्यानं टिपला आणि प्रोग्रॅममध्ये सगळ्यांच्या पुढं 'वजा एक' लिहिलं. इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं.

तीन वाजता यंत्र सोडलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत तीस खुणा लागल्या. बाबा पडद्याकडं पाहतच राहिले.

"झालं? एवढ्यातच?"

"झालं."

"अबे, मी एवढा घसा कोरडा केला अन् यानं एका दमात गिळलं!" बाबा म्हणाले. "लेका, तू बसून राह्यतो म्हनतात लोकं, पन काही तरी येते तुले."

चाळीस वर्षांत बाबांनी केलेलं माझं हे पहिलं कौतुक. मी खुर्चीत इतका फुगलो की तिची चाकं बाहेरच्या बाजूला वाकली. त्याच तोऱ्यात पुढं गेलो. निवडलेल्या शाळांचे नुसते कोड एका पानावर आले, खाली 'अंतिम सादर', आणि बायकोच्या मोबाइलवर ओटीपी येऊन पडला.

"सांग," मी बोटं कीबोर्डवर धरून म्हणालो.

तिनं मोबाइल पालथा घालून मांडीखाली ठेवला. "थांबा. मले वाचू द्या."

"अगं, यंत्र आहे ते. मानसासारखं चुकत नाई."

"यंत्र तुमचं हाय. बदली माही हाय. सरका."

मी सरकलो. तिनं पडद्यावर बोट ठेवून पहिला कोड वाचायला घेतला, आणि पाचव्या आकड्यावर बोट थांबलं. वह्या तपासताना थांबतं तसं.

"हा रिसोड तालुका नाई," ती म्हणाली.

"कायवरून?"

"पाचवा-सहावा आकडा तालुक्याचा राह्यते. चार वर्षं हे कोड लिहून राह्यली मी. हा कारंजा हाय." तिनं छापील गठ्ठा ओढला, कोड शोधला. पहिल्या पसंतीच्या शाळेच्या नेमकी वरची ओळ, जिथं कारंजा तालुका संपून रिसोड सुरू होतो. तिनं गावाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "ही तर माह्या शाळेच्याही पुढं हाय. तिथी जीपसुद्धा जात नाई. माही पयली पसंती म्हनून तुमी मले तिथी धाडून राह्यले?"

दुसरी पसंती पाहिली. एक ओळ वर. तिसरी, एक ओळ वर. तीसच्या तीस. यंत्रानं कुठंही हयगय केली नव्हती.

आता इथं मी भर घालत नाही. तो ओटीपी तिनं दिला असता, आणि ती दरवेळी देते, बँकेचा, गॅसचा, तर मी बटण दाबलं असतं आणि आणखी कित्येक वर्षं ती सोमवारच्या अंधारात निघाली असती, आधीपेक्षा एक गाडी जास्त बदलायला. मोबाइलवरचा ओटीपी तेवढ्यात मुदत संपून मेला. मेलेल्या गोष्टीचा इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

पण जीव भांड्यात पडला की माणूस लगेच दोष द्यायला माणूस शोधतो. मी म्हणालो, "बाबांच्या मोजण्यात गडबड झाली असीन."

झालं. बाबा खाटेवरून उठले. "माह्या मोजण्यात? काय गडबड झाली?"

"तुमी एक नाई म्हनत ना. लाभ म्हनता, मंग दोन. म्हनून मी सगळ्यातून एक कमी केला."

बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की एवढं शिकवून हे निघालं! ते आत गेले, कोथिंबिरीच्या जुड्यांची टोपली आणली आणि माझ्या लॅपटॉपवर, थेट कीबोर्डवर, एकेक जुडी ठेवत गेले. "लाभ. दोन. तीन. चार. पाच. आता तू मोज. तुह्या कंपनीच्या पद्धतीनं मोज."

मी मोजल्या. पाच होत्या.

"किती?"

"पाच."

"मंग कुठी गेला तुहा एक? पयली जुडी लाभाची. लाभ म्हंजेच एक, लेका! एक म्हटलं का माल एकटा पडते, त्याले जोड येत नाई, म्हनून पयल्याले लाभ म्हनतो. हे तुह्या आज्यालेही ठाऊक होतं, अन् त्यानं शाळेचं तोंडही पाह्यलं नव्हतं."

बायकोनं पदर तोंडाला लावला. रागानं की हसू दाबायला, हे मी विचारलं नाही. त्या क्षणी दोन्ही मला परवडणारं नव्हतं. कीबोर्डमधून ओली माती झाडली. बाबांची मोजणी आणि एक्सपाथची मोजणी पहिल्यापासून तंतोतंत एकच होती. दोघंही एकापासून मोजत होते, एकानं फक्त त्याला चांगलं नाव ठेवलं होतं. मधला मीच तेवढा शून्यातला.

चार वाजले होते. 'वजा एक' खोडला, पान पुन्हा उघडलं, आणि पाहतो तर काय, यादीचा क्रमच बदललेला! मघाशी तालुक्यानं लावलेली होती, आता गावाच्या नावानं. म्हणजे बाबांची मोजणी बरोबर असूनही वाया.

"मंग आखीन मोजू?" बाबा म्हणाले. आवाजात जराही उत्साह नव्हता.

"नका मोजू, मामाजी," बायको म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "तुमी ओळीच्या नंबरानं काहून शोधता? मी वर्गात हजेरी घेते तवा तिसऱ्या बाकावरचा दुसरा, असं म्हनते का? पोरं रोज जागा बदलतात. मी नाव घेते. ज्याचं नाव थो हात वर करते. या शाळेले कोड हाय ना? कोडानं हाक मारा."

आता हे मला येत नव्हतं असं नाही. कंपनीत नव्यानं लागलेल्यांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो: नंबरावर विसंबू नका, वस्तूच्या अंगावर जी खूण कायम राहते ती धरा. शिकवताना मी टेबलावर मूठसुद्धा आपटतो. पण बायकोपुढं पाच सेकंदांचा चमत्कार दाखवायच्या घाईत मी माझंच शिकवणं गुंडाळून ठेवलं होतं. मान खाली घालून नवा एक्सपाथ लिहिला: सगळ्या पानात अशी ओळ शोध, जिच्या एखाद्या घरात हाच कोड लिहिलेला आहे, आणि त्या ओळीच्या पोटातलं बटण दे. ओळ पहिली असो की शेवटची, विचारायचंच नाही. आखूड, दीड बोटाचा.

आधी एकाच शाळेवर चालवून पाहिला. यंत्र म्हणालं, सापडलं नाही.

घरात इतकी शांतता पसरली की मळ्यातली मेथी वाढताना ऐकू आली असती. बायकोनं घड्याळाकडं पाहिलं. साडेचार. मी पानाच्या आत शिरून त्या कोडाच्या घरात डोकावलो. कोडाच्या मागंपुढं मोकळ्या जागा सोडलेल्या होत्या, डोळ्याला न दिसणाऱ्या. यंत्र अक्षराला अक्षर जुळवतं. त्याच्या लेखी जागा सोडून लिहिलेला कोड म्हणजे परका कोड. त्यावर एक्सपाथमध्ये तोडगा आहे: मजकुराच्या कडेच्या मोकळ्या जागा झाडून मग जुळव, असं सांगता येतं. ते सांगितलं. पुन्हा चालवला.

सापडली. एकच ओळ. तिच्या पहिल्या पसंतीची.

मग तीस चालवल्या. या वेळी मी खुर्चीत फुगलो नाही. लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला आणि उठून बाजूला उभा राहिलो. तिनं लाल पेन काढलं. पडद्यावरचा कोड, कागदावरचा कोड, बरोबरची खूण. पडद्यावरचा, कागदावरचा, खूण. पंधरा मिनिटांत आटपायचं होतं, तरी तिनं एकही ओळ गाळली नाही. बाबा दारात उभे होते, ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येऊ देत नव्हते. तिसावी खूण झाल्यावर तिनं मोबाइल सुलटा केला आणि सहा आकडे स्वतःच्या हातानं घातले. 'अंतिम सादर'ही तिनंच दाबलं.

"माहं बटण मी दाबीन," ती म्हणाली. कोणी आडवं गेलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मी दाढी करायचं विसरलो, बाबा मळ्यात कोथिंबीर पेरायच्या जागी मेथी पेरून आले, असं ते सांगतात. मला वाटतं ते आधीपासूनच मेथी पेरणार होते. बदल्यांची यादी लागली ती दुपारच्या सुट्टीत. तिनं धनजहून फोन केला.

"लागली," ती म्हणाली.

"कितवी?"

"तिसरी. पयल्या दोन दुसऱ्यांले गेल्या."

तिसरी म्हणजे घरापासून स्कूटीनं वीस मिनिटं. मी मनातल्या मनात ते गाव, रस्ता, नाल्यावरचा पूल, सगळं एकदा फिरून आलो. जीप कुठंच नव्हती. मी फोनवर काहीतरी मोठं बोलायला तोंड उघडलं, आणि नुसतं "बरं" म्हणालो. तीही "बरं" म्हणाली. पलीकडून पोरांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी बाईंना हाक मारत होतं.

नव्या शाळेचा पहिला दिवस सोमवार होता. मी तिच्याआधी उठून डबा करायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात ती डबा भरून स्कूटी काढत होती तेव्हा मी उठलो. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही. एक साधा पत्ता लिहायला मला तीन तास लागले.

साडेपाचला ती अंगणात आली. चप्पल काढता काढताच सुरू झाली: फळ्याचा रंग उडालाय, खडू उमटत नाही, दुसरीच्या वर्गात खिडकीला आकडी नाही, मुख्याध्यापक बाईंना एकच वाक्य तीनदा बोलायची सवय आहे, आणि एका पोरीनं पहिल्याच दिवशी तिला "नवीन मॅडम, तुमी कोनाच्या?" असं विचारलं. मी चहा टाकला. ती ओट्याशी उभी राहून बोलत होती, न थांबता. सोमवारची तक्रार सोमवारीच, गरम गरम. चार वर्षं माझ्यापर्यंत तिच्या तक्रारी शनिवारी पोचायच्या, तोवर ती त्या विसरलेली असायची नाहीतर मिटवलेल्या.

"तुमी ऐकून राह्यले ना?" तिनं मध्येच विचारलं.

"ऐकून राह्यलो," मी म्हणालो. "खिडकीले आकडी नाई. पुढं?"